चार अंश, कबदचा रस्ता

पावणेपाचला सालमियाच्या पेट्रोल पंपापाशी
आम्ही अकरा जण, आणि चार अंश.
मिशालच्या दाढीतून वाफ निघत होती,
जणू आत कुणी चुलीवर आधण ठेवलंय.
रोवेनानं मोज्यावर मोजा चढवला, त्यावर पिशवी, त्यावर बूट.
ओमनकुट्टननं डिकीतून कालचा पेपर काढला,
अर्धा स्वतःच्या छातीशी सरकवला, अर्धा मला दिला.
"घाल आत. वारा बातम्या वाचत बसतो,
पुढं येत नाही."
मल्याळम. जिलब्या पाडल्यासारखी अक्षरं.
मी झिप गळ्यापर्यंत ओढली.

थंडी? तिकडं? वाळवंटात?
गडहिंग्लजहून आई दर वर्षी विचारते.
आई, इथली थंडी पाहुणी म्हणून येत नाही,
वसुलीला येते.

सातव्या रिंग रोडच्या पुढं दिवे विरळ झाले.
वायव्येचा वारा, तोंडावर.
पुढचा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाला;
दोन मिनिटं झाली की त्यानं कोपर हलवायचं,
बाजूला व्हायचं, ओळीच्या शेपटाला लागायचं.
एवढाच आमचा कायदा.
माझं कोपर जरा लवकर हलतं.
सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.

आणि मग मागून घंटी.

आमच्यात कुणाच्याच सायकलला घंटी नाही.
पन्नास ग्रॅम वजन वाढतं म्हणे.
वळून पाहिलं: लोखंडी सायकल, बिनदिव्याची,
हँडलला डबा,
हातांवर खबूसच्या रिकाम्या पिशव्या, मनगटाशी रबर लावून.
आमच्या शेपटाला तो येऊन लागला होता,
न विचारता,
वाऱ्यात कुणीही कुणाच्याही मागं लागावं तसा.

मिशालनं एकदा मागं पाहिलं
आणि वेग कमी केला.
तोच मिशाल, जो एका मिनिटाच्या उशिरासाठी
माणसं मागं सोडून निघतो.

त्याचं कोपर हललं. माझा नंबर.

पुढं कुणाची पाठ नाही, नुसता काळोख
आणि सुऱ्या पाजळत बसलेला वारा.
डोळ्यांतलं पाणी कानांकडे निघालं.
अण्णांची सायकल आठवली, चोवीस इंची;
नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची मी,
अख्खं जग तिरकं दिसायचं.
सीटवर बसण्याइतकी उंची आली
तोवर सायकल विकली होती.

मागं दहा साखळ्या, तेल पाजलेल्या, गप्प.
अकरावी कुरकुरत होती.
मी त्या कुरकुरीवर वेग बांधला:
दूर गेली की पाय सैल,
जवळ आली की घट्ट.
दोन मिनिटं झाली असतील, पाचही झाली असतील.
कोपर माझंच होतं, पण ते हललं नाही.

कबदच्या फाट्यावर तो बरोबरीला आला.
"कुठं?" मी हिंदीत विचारलं.
"घोडे," तो म्हणाला. "उठले असतील."
मी झिप उघडून पेपर काढू लागले,
तर त्यानं हसून शर्टाचं वरचं बटण सोडून दाखवलं:
आत सिमेंटच्या पिशवीचा कागद, दुपदरी.
एकदा घंटी वाजवून तो वळला.
कुरकुर बराच वेळ ऐकू येत होती,
किंवा मीच ऐकत होते.

परतीला वारा पाठीशी, सगळ्यांना कंठ फुटला.
करकच्या टपरीवर रोवेनानं बूट काढून बोटं मोजली.
नऊच भरतात म्हणाली.
ओमनकुट्टननं ग्लास माझ्या हातात दिला,
माझ्या कोपराकडे बघितलं
आणि साखर किती, एवढंच विचारलं.

घरी, अंघोळीच्या आधी दिसलं:
घामानं छातीवर बातमी उमटलेली, उलटी.
आरशात ती सुलटी झाली.
तरी मला वाचता येईना.
नळ सोडला होता, वाफ येऊ लागली होती.
मी जराशी थांबले.